ख्रिस्ती धर्मांतील अतिथिसत्कार

गेल्या वर्षीं पवित्र शास्त्राच्या तासाला एका लहान विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला, "गुरुजी, आपण शिकवितां कीं अनोळखी माणसाचा पाहुणचार करावा, आणि आमची आई सांगते कीं ती घरीं नसतांना अनोळखी माणसास दार उघडावयाचें नाहीं. मग आम्हीं ऐकावें कोणाचें?" वर्ग हंसला, पण प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. तास संपल्याची घंटा झाली म्हणून त्या दिवशीं आमची सुटका झाली; परंतु उत्तर देणें आमच्या अंगावर राहिलें होतें, व तें येथें देण्याचा विचार आहे. विद्यार्थ्यांच्या आईबापांनींही तें वाचावें अशी विनंति आहे, कारण मुळांत प्रश्न त्यांच्या घराच्या दाराचा आहे.

पाहुण्याचें माहात्म्य आपल्या देशांत कोणास नव्यानें सांगावें लागत नाहीं. तैत्तिरीय उपनिषदांत अध्ययन पुरें केलेल्या शिष्यास जो उपदेश केला आहे, त्यांत आई, बाप व आचार्य यांच्या पंक्तीस अतिथीला बसवून त्यास देव मानण्यास सांगितलें आहे. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी त्या शब्दाची फोड जुने लोक करीत. खेड्यापाड्यांत दारीं आलेल्याच्या हातीं आधीं गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या येतो, आणि मग "कोण गांवचे?" असें विचारलें जातें. ही रीत ख्रिस्ती धर्मानें या देशांत आणली असें कोणी म्हणेल, तर तें खोटें होईल. मग या जुन्या गोष्टींत नव्या करारानें निराळें असें काय सांगितलें?

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभीं दोन आज्ञा लागोपाठ आल्या आहेत. पहिलीसाठीं मूळ ग्रीक भाषेंत फिलादेल्फिया हा शब्द आहे, म्हणजे बंधुप्रेम. दुसरीसाठीं फिलोक्सेनिया. क्सेनोस म्हणजे परका, परदेशी; आणि त्याच शब्दाचा अर्थ पाहुणा असाही होतो. तेव्हां जेथें आपण 'अतिथिसत्कार' असें वाचतों, तेथें शब्दशः 'परक्यावरील प्रेम' आहे. भावावर प्रेम करा असें सांगून लेखक थांबला नाहीं; पुढच्याच वाक्यांत जो भाऊ नव्हे त्याच्यावरही करा, असें तो म्हणतो. आपल्या मनांत पाहुणचार म्हटलें कीं मामा, मावशी, व्याही, जांवई हीं माणसें उभीं राहतात. त्यांचें येणें आधीं कळलेलें असतें, आणि पुढील दिवाळींत आपणही त्यांच्या घरीं जाणार असतों. अशा पाहुणचारास प्रभु येशू फारसें महत्त्व देत नाहीं. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत तो एका यजमानास सांगतो कीं, मेजवानी करशील तेव्हां मित्र, भाऊबंद व धनवान शेजारी यांस बोलावूं नको, कारण ते तुला उलट बोलावतील आणि फेड होऊन जाईल; तूं गरीब, लुळे, आंधळे यांस बोलाव, त्यांच्याजवळ फेडण्यास कांहीं नाहीं. हा भाग शिकवितांना आम्हांस नेहमीं संकोच होतो. आमच्याही घरच्या लग्नांत आहेराची वही ठेवलेली होती.

परक्याच्या स्वागताची जुनी गोष्ट पाहावयाची तर उत्पत्तीच्या पुस्तकांतील अब्राहामाची पाहावी. भर दुपारच्या उन्हांत तो आपल्या तंबूच्या दाराशीं बसला आहे. तीन माणसें समोर दिसतात. तीं कोण, कोठलीं, हें त्यास ठाऊक नाहीं. तो म्हातारा धांवत जाऊन त्यांस नमस्कार करतो आणि म्हणतो कीं थोडें पाणी आणवितों, पाय धुवा, झाडाखालीं टेका, भाकरीचा तुकडा खाऊन मग पुढें जा. कबूल केला तुकडा. पण आंत जाऊन साऱ्याला सांगितलें काय, तर तीन मापें सपीट मळून पोळ्या कर. स्वतः गुरांकडे धांवला, कोंवळें वासरूं निवडलें, दहीं व दूध आणलें, आणि पाहुणे जेवत असतांना आपण झाडाखालीं उभा राहिला. आपल्याकडे 'मीठभाकर खाऊन जा' असें म्हणून पुरणपोळी वाढणारी आजी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हा अब्राहाम परका वाटणार नाहीं. थोडें बोलून पुष्कळ देणें ही यजमानाची नम्रता आहे. पाहुण्यास आपण ओझें झालों असें वाटूं नये म्हणून ती असते. वाचकांनीं हेंही पाहावें कीं आधीं पाय धुण्याचें पाणी येतें, आणि ते कोण हें अब्राहाम विचारीतच नाहीं.

प्रभु येशूचें चरित्र या दृष्टीनें वाचूं लागलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. तो यजमान क्वचितच आहे. बहुधा तो पाहुणाच आहे. जन्मला तेव्हां उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं. पुढें डोकें टेकण्यास स्वतःचें ठिकाण नव्हतें. मार्थेच्या घरीं, जक्कयाच्या घरीं, शिमोन परूश्याच्या घरीं तो जेवला. यांतील शिमोनाची गोष्ट शिकण्यासारखी आहे. या गृहस्थानें येशूस जेवावयास बोलाविलें. पण पायांस पाणी दिलें नाहीं, चुंबन घेऊन स्वागत केलें नाहीं, मस्तकास तेल लाविलें नाहीं. जेवण होतें, सत्कार नव्हता. तो सत्कार गांवांतील एका बदनाम स्त्रीनें आपल्या आसवांनीं केला. पानांत काय पडलें यापेक्षां उंबऱ्यावर काय घडलें याकडे येशूचें लक्ष होतें. आणि जो जन्मभर पाहुणा राहिला, त्यानें शेवटच्या रात्रीं कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले.

त्याच्या मागून आलेल्या मंडळीस पाहुणचार हा शोभेचा गुण नव्हता. त्यावांचून तिचें चालण्यासारखें नव्हतें. रोमी साम्राज्यांत रस्ते उत्तम होते, पण रस्त्यावरील उतारशाळांची कीर्ति वाईट होती. तेथें चोरी, मद्य आणि अनीति यांचा सुळसुळाट असे. सुवार्ता सांगत फिरणारे लोक उतरत ते बंधुजनांच्या घरीं. फिलिप्पै शहरांत जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेनें पौलास आग्रहानें घरीं ठेवून घेतलें. फीबी नांवाची सेविका रोमेस निघाली तेव्हां पौलानें तेथील लोकांस लिहिलें कीं हिचा स्वीकार करा व हिला लागेल ती मदत द्या. मंडळीचा अध्यक्ष निवडावयाचा तर तो अतिथिप्रिय असावा, ही अट तीमथ्यास व तीतास लिहिलेल्या दोन्ही पत्रांत आहे. आणि योहानाच्या तिसऱ्या पत्रांत दियत्रफेस नांवाचा एक पुढारी भेटतो. तो स्वतः प्रवासी बंधूंस घेत नाहीं, आणि जे घेतात त्यांस मंडळीबाहेर घालवितो. असा मनुष्य प्रत्येक गांवांत एक तरी असतोच.

आतां त्या विद्यार्थ्याच्या आईच्या प्रश्नाकडे येऊं. दार उघडावें, पण कोणासही, कसेंही उघडावें काय? पहिल्या ख्रिस्ती लोकांसही हाच प्रश्न पडला होता. 'दिदाखे' म्हणजे शिकवण या नांवाचें एक लहान ग्रीक पुस्तक आहे. त्याची प्रत १८७३ सालीं ब्रिएन्निओस नांवाच्या ग्रीक धर्माधिकाऱ्यास कॉन्स्टँटिनोपल येथील एका ग्रंथालयांत सांपडली आणि १८८३ सालीं ती छापून निघाली. तें पुस्तक ख्रिस्ती मंडळीच्या अगदीं आरंभींच्या काळचें मानतात. त्यांत पाहुण्यांविषयीं जे नियम आहेत ते वाचून कोणाही गृहिणीस समाधान वाटेल. प्रभूच्या नांवानें जो येईल त्याचा स्वीकार करा. मग त्याची परीक्षा करा. फिरता प्रेषित आला तर एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन. तिसऱ्या दिवशींही राहिला तर तो खोटा समजा. निघतांना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घेईल. पैसे मागेल तर तोही खोटा. साधा वाटसरू असेल तर दोनतीन दिवस ठेवा. त्यास कायमचें राहावयाचें असेल व हातीं कसब असेल, तर काम करून खावें. कसब नसेल तर त्याची कांहीं सोय लावा, पण ख्रिस्ती म्हणवून कोणी तुमच्यांत आळशी राहूं नये. ज्यास हें मान्य नाहीं त्यास त्या पुस्तकानें 'ख्रिस्ताचा व्यापार करणारा' असें नांव दिलें आहे. पहिल्या दिवशीं उपाशी माणसास भाकरी द्यावी, आणि चौथ्या दिवशीं त्याच्या हातीं कुदळ द्यावी, असा हा व्यवहार आहे. दया आणि शहाणपण यांचें भांडण असलेंच पाहिजे असें त्या लोकांस वाटत नव्हतें.

पुढें सहाव्या शतकांत इटलींत संत बेनेदिक्त यानें मठवासियांसाठीं नियमांचें एक पुस्तक लिहिलें. त्याचें त्रेपन्नावें प्रकरण पाहुण्यांविषयीं आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास ख्रिस्त समजून घ्यावें, हें त्याचें मुख्य सूत्र. पण आम्हांस अधिक आवडतें तें त्यानें बारीकसारीक गोष्टींकडे दिलेलें लक्ष. पाहुणे वेळीं अवेळीं येणार, म्हणून मठाधिपति व पाहुणे यांचें स्वयंपाकघर निराळें ठेवावें, म्हणजे इतरांच्या नित्यक्रमास धक्का लागणार नाहीं. त्यावर दोन बंधूंची वर्षभरासाठीं नेमणूक करावी. पाहुण्यांच्या खोलींत अंथरुणें पुरेशीं असावींत. मठाधिपतीनें स्वतः पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालावें, त्यांचे पाय धुवावे, आणि मोठा उपास नसेल तर पाहुण्यासाठीं आपला उपास सोडावा. गरीब व यात्रेकरू यांची काळजी अधिक घ्यावी. श्रीमंतांचा मान त्यांच्या भयानेंच राखला जातो, त्यासाठीं नियमाची गरज नाहीं! मनुष्यस्वभाव जाणणाऱ्या माणसाखेरीज असें वाक्य कोणास सुचणार नाहीं.

त्याच पुस्तकाच्या सहासष्टाव्या प्रकरणांत मठाच्या द्वारपाळाचें वर्णन आहे. त्याची खोली दाराजवळच असावी. दार वाजलें किंवा गरिबानें हांक मारली कीं लागलींच देवाचे आभार मानून त्यानें उत्तर द्यावें. आणि हा द्वारपाळ कसा असावा? तर वयस्क, शहाणा, निरोप घेण्यास व देण्यास समर्थ, आणि इकडे तिकडे न भटकणारा. आमच्या विद्यार्थ्यानें हें नीट ध्यानांत घ्यावें. बेनेदिक्तानें दाराशीं दहा वर्षांचा मुलगा बसविला नाहीं. तेव्हां आईचें म्हणणें बरोबर आहे. ती घरीं नसतांना मुलांनीं अनोळखी माणसास आंत घेऊं नये. पण ती घरीं असतांना, वडील घरीं असतांना, त्या दाराचें काय होतें, हा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं. तो मोठ्यांकडे येतो.

मोठ्यांची पळवाट बहुधा अशी असते कीं, या कामासाठीं संस्था आहेत. संस्था आहेत खऱ्या, आणि त्या ख्रिस्ती लोकांनीं फार जुन्या काळापासून काढल्या. चौथ्या शतकांत कप्पदुकियांतील कैसरिया येथें संत बाझिल यानें दुष्काळानंतर शहराबाहेर गरीब, आजारी, कुष्ठी व प्रवासी यांच्यासाठीं इतक्या इमारती उभारल्या कीं त्याच्या मित्रानें त्यांस नवें नगर म्हटलें. इंग्रजींतील हॉस्पिटल हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून निघाला, त्याचा अर्थ पाहुणा व यजमान असा दुहेरी आहे. पोर्तुगीजांच्या तोंडून तोच शब्द मराठींत येऊन 'इस्पितळ' झाला. इस्पितळ म्हणजे मुळांत पाहुण्याचें घर, हें आपण विसरलों आहों. परंतु चौथ्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झालेला संत क्रिसोस्तोम यानें आपल्या श्रोत्यांस याच पळवाटेवर गांठलें होतें. मंडळीची धर्मशाळा आहे, मग आम्हीं घरीं कशाला ठेवावें, असें लोक म्हणत. त्याचें उत्तर असें कीं, धर्मगुरु प्रार्थना करतो म्हणून तुम्ही प्रार्थना करणें सोडतां काय? प्रत्येकानें आपल्या घरांत एक खोली ख्रिस्तासाठीं राखावी. तेथें एक पलंग, एक मेज आणि एक दिवा ठेवावा. आमच्यासारख्या दोन खोल्यांत राहणाऱ्यांस पलंग झेपणार नाहीं. पण एक सतरंजी झेपेल.

असें दार उघडें ठेवण्यास किती किंमत पडूं शकते, याचें उदाहरण दुसऱ्या महायुद्धांतलें आहे, आणि त्यांत एका शाळेचा भाग असल्यामुळें तें येथें सांगणें योग्य वाटतें. फ्रान्सच्या मध्यभागीं डोंगराळ पठारावर ल शांबों नांवाचें गांव आहे. तेथील बहुतेक लोक प्रॉटेस्टंट. १६८५ सालीं राजानें त्यांच्या पूर्वजांचें धर्मस्वातंत्र्य काढून घेतलें, तेव्हां लपत छपत दिवस काढल्याच्या आठवणी त्यांच्या घराण्यांत राहिल्या होत्या. १९४० सालीं जर्मनीपुढें फ्रान्सनें हात टेकले आणि यहूदी लोकांवर अरिष्ट आलें. त्या हिंवाळ्यांत एके दिवशीं तेथील पाळक आंद्रे त्रोक्मे यांच्या घराचें दार वाजलें. बाहेर बर्फांत एक भयभीत यहूदी स्त्री उभी होती. पाळकांच्या पत्नी माग्दा यांनीं तिला आंत घेतलें. पुढें असे लोक येतच राहिले. शेतकऱ्यांनीं माळ्यांवर, खानावळवाल्यांनीं खोल्यांत, शाळेनें वर्गांत त्यांस जागा दिली. १९३८ सालीं सुरू झालेल्या तेथील शाळेंत निर्वासित मुलें गांवच्या मुलांशेजारीं बसून शिकलीं. १९४२ च्या ऑगस्टमध्यें पोलीस बसगाड्या घेऊन आले व यहूद्यांची यादी मागूं लागले. आम्ही माणसें ओळखतों, यहूदी कोण तें आम्हांस ठाऊक नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्रोक्मे यांनीं दिलें. गाड्या जवळजवळ रिकाम्याच परत गेल्या. फेब्रुवारी १९४३ मध्यें त्रोक्मे यांस पकडण्यास पोलीस घरीं आले, तेव्हां जेवणाची वेळ होती. माग्दाबाईंनीं त्या पोलिसांसही जेवावयास बसण्यास सांगितलें. त्रोक्मे कांहीं आठवड्यांनीं सुटले. परंतु त्यांच्या नात्यांतील डॅनियल त्रोक्मे हा तरुण शिक्षक विद्यार्थ्यांबरोबर पकडला गेला आणि १९४४ सालीं मायदानेक येथील छावणींत मरण पावला. १९९० सालीं इस्राएलमधील याद वाशेम संस्थेनें या सबंध गांवाचा व आसपासच्या वस्तीचा गौरव केला. हजारोंचे प्राण तेथें वांचले. माग्दाबाईंस मात्र आपण कांहीं मोठें केलें असें वाटत नसे. दार वाजलें होतें, एवढेंच.

आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन शेंकडों मुली आणल्या आणि केडगांव येथें त्यांस आसरा दिला. त्यांचे आईबाप पूर्वीं मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत अन्नावांचून गेले होते. उपाशी माणसाचा चेहरा त्यांस पुस्तकांतून शिकावा लागला नव्हता.

ख्रिस्ती माणसानें हें सर्व वाचून फुगून जाऊं नये. ख्रिस्ती मंडळी नेहमींच यजमान नव्हती. पौलाचें गलबत माल्टा बेटाजवळ फुटलें, तेव्हां पावसांत व थंडींत शेकोटी पेटवून त्या सर्वांस जवळ घेणारे बेटावरचे लोक ख्रिस्ती नव्हते. आणि आपल्याकडे ज्याच्या हातचें पाणी चालत नाहीं असा भेद पिढ्यान् पिढ्या होता, तो बाप्तिस्मा घेतल्यावर उंबऱ्याबाहेर राहिला असेंही सर्वत्र झालें नाहीं. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत सोन्याची आंगठी घातलेल्या माणसास चांगली जागा आणि मळकट वस्त्राच्या माणसास 'तेथें उभा राहा' अशी गोष्ट आहे. ती आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविली. ती आमचीच आहे हें मात्र एका स्नेहसंमेलनांत कळलें.

त्या दिवशीं पालकांस जागा दाखविण्याचें काम आमच्याकडे होतें. पुढें खुर्च्या, मागें सतरंज्या, आणि त्यामागें भिंत. सायंकाळीं एक गृहस्थ आले. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, खांद्यावर घोंगडी, हातांत गांठोडें. खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या. आम्हीं तोंड वर न करतां म्हटलें, "बाबा, तिकडे मागें बसा." ते "बरं, मास्तर" म्हणून भिंतीशीं जाऊन बसले. पुढें बक्षिसें देण्यास आरंभ झाला. गणिताच्या बक्षिसासाठीं एका मुलाचें नांव पुकारलें. विद्यार्थी पुढच्या ओळींत बसत. हा मुलगा तेथें नव्हता. दुसऱ्यांदा पुकारलें, तेव्हां तो अगदीं मागच्या भिंतीपासून उठून सर्व सभेमधून चालत आला. आपल्या वडिलांजवळ जाऊन तो बसला होता. बक्षीस घेऊन तो परत मागेंच गेला. आमच्याकडे त्यानें पाहिलें नाहीं, आणि तें बरें झालें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते गृहस्थ निरोप घेण्यास आले. क्षमा मागण्यास आम्ही शब्द जुळवीत होतों, तोंच त्यांनीं गांठोडें सोडून हुरड्याचीं कणसें आमच्यापुढें ठेविलीं. "पोराला संभाळतां, मास्तर. रानांतलं आहे, नाहीं म्हणूं नका. उन्हाळ्यांत घराकडे या." सोळा मैल ते पायीं आले होते.

मे महिन्याच्या सुटींत आम्ही त्या गांवीं गेलों. अगोदर कळविलें नव्हतें. पोहोंचलों तेव्हां दिवेलागण झाली होती. मुलगा मामाच्या गांवीं गेलेला, ते गृहस्थ शेतावर. घरांत त्यांची वृद्ध आई एकटी. आम्ही कोण हें तिला ठाऊक नव्हतें, आणि तिनें विचारलेंही नाहीं. अंगणांतली बाज ओढून तिनें त्यावर घोंगडी टाकली, आंतून पाण्याचा तांब्या आणून आमच्या पायांशीं ठेविला आणि म्हणाली, "पाय धुवा बाबा, लांबून आलां. भाकरी टाकते."